वाईन नुसती प्यायची नाही, शिकायची आहे: सुरुवात कुठून करावी?

बुचकळा
मंडळी, वाईन हा छंद म्हणून शिकायचा आहे. बजेट महिन्याला तीन बाटल्या, त्यावर एकही नाही. घरात पिणारे दोघेच. साधा घरगुती फ्रीज आहे, वाईनचं खास कपाट वगैरे नाही. मुक्काम पुणे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३५ अंशांच्या वर.

अडचण अशी की बाटलीच्या पाठीवर 'गूसबेरी, ब्लॅककरंट, सिडार' लिहिलेलं असतं. यातलं एकही मंडईत मिळत नाही. मला आजवर दोनच चवी लागल्यात, आंबट आणि कडू.

प्रश्न: (१) कोणत्या बाटल्या, कोणत्या क्रमाने? (२) चव ओळखणं खरंच शिकता येतं की हा सगळा बनाव आहे? (३) उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करायचं?

चकणा
(४) सोबत काय खायचं? हा प्रश्न विसरल्याबद्दल जाहीर निषेध.

शुद्धलेखनकीडा
'वाइन' की 'वाईन' हे आधी ठरवा. मग बूच काढा.

सह्यकडा
कीडासाहेब, दुकानाच्या पाटीवर दीर्घ आहे, तेच चालू द्या.

बुचकळा, तुम्हाला जे 'कडू' लागतंय ते बहुतेक कडू नाहीच, तुरट आहे. इथे मराठी माणसाला आयती सोय आहे. आपल्याकडे सहा रसांत तुरट हा वेगळा रस आहे आणि आवळा, सुपारी, जांभूळ, कच्चं केळं यामुळे तो लहानपणापासून ओळखीचा आहे. कारलं कडू, जांभूळ तुरट. कडू जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतं. तुरटपणाने हिरड्या आणि गालाच्या आतल्या बाजू कोरड्या पडतात, जीभ जड होते. रेड वाईनमधलं टॅनिन हेच करतं, कारण ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं.

आता पद्धत. एक बाटली उघडून तिच्याकडे टक लावून बसल्याने काही शिकता येत नाही. शिकायचं तर दोन पेले शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्या दोघांत एकच गोष्ट वेगळी असली पाहिजे. तीच द्राक्षं पण गाव वेगळं, तेच गाव पण द्राक्षं वेगळी, किंवा तीच वाईन एक लाकडी पिंपातली आणि एक स्टीलच्या टाकीतली. 'ही वाईन कशी आहे' याचं उत्तर नवशिक्याला देता येत नाही. 'या दोघींत जास्त आंबट कोणती' याचं उत्तर पहिल्या दिवशीसुद्धा देता येतं.

पण बाटली आणायच्या आधी एक संध्याकाळ बिनवाईनची करा. फुकटात होते.

आंबटपणा: २०० मिली पाण्यात लिंबाचा रस चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली. साधारण वाईनइतकं आम्ल होतं, लिटरला ५-६ ग्रॅम. घोट घेऊन गिळा आणि मान खाली घाला. तोंडाला किती पाणी सुटतं, किती वेळ सुटत राहतं, ते मोजा. आंबटपणा असाच मोजायचा, 'आंबट लागलं' एवढ्यावर सोडायचं नाही.

गोडी: त्याच पाण्याचे दोन भाग करा, एकात सपाट चमचाभर साखर विरघळवा. दोन्हींत आम्ल तेवढंच आहे, पण साखरेच्या पेल्यात ते निम्मं वाटेल. तोंडाला पाणी मात्र दोन्हींत सारखंच सुटेल. किंचित गोड व्हाईट वाईन पिताना लोक फसतात ते इथेच.

तुरटपणा: दोन टी-बॅग, १५० मिली उकळतं पाणी, दूध-साखर नाही. २, ५ आणि १० मिनिटांनी थोडा थोडा चहा वेगळा काढा आणि तिन्ही गार करून प्या. दहा मिनिटांचा पेला म्हणजे कॅबर्ने सॉव्हिन्यों या काळ्या द्राक्षाची तरुण रेड.

अल्कोहोल: ४० टक्क्यांची ३० मिली व्होडका अधिक ७० मिली पाणी म्हणजे १२ टक्के. ३७ मिलीत ६३ मिली पाणी म्हणजे जवळपास १५ टक्के. फरक चवीत शोधू नका, गिळल्यावर घशात किती ऊब राहते त्यात शोधा.

या चार गोष्टी सुट्या ओळखता आल्या की वाईनमध्ये त्या एकत्र आल्या तरी वेगळ्या काढता येतात.

चकणा
म्हणजे पहिल्या संध्याकाळी लिंबूपाणी आणि कोरा चहा. सासरचे लोक खूष.

रसायनी
वरच्यात भर. ते सगळं जिभेचं झालं. फळं, फुलं, मसाले हे नाकाचं काम आहे आणि 'चव' म्हणून आपण जे वर्णन करतो त्यातला मोठा भाग नाकाचाच असतो. घोट तोंडात धरून ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढा, मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वास मागच्या बाजूने नाकात चढतो. सुर्रर्र आवाज होतो, त्याची लाज सोडा.

गूसबेरी मिळत नाही हे बरोबर. पण वासाच्या मुळाशी ठरावीक रेणू आहेत आणि त्यांतले बरेच आपल्या घरात असतात.

सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनमधला हिरवा वास मेथॉक्सीपायराझिन गटाचा, म्हणजे साक्षात भोपळी मिरची. कॅबर्ने सॉव्हिन्योंमध्येही तोच येतो आणि तो योगायोग नाही. सॉव्हिन्यों ब्लाँ आणि कॅबर्ने फ्रां यांच्या संकरातून कॅबर्ने सॉव्हिन्यों झाली हे १९९७ साली डीएनए तपासणीत निघालं. सॉव्हिन्यों ब्लाँचा दुसरा वास थायॉल गटाचा आहे. परदेशी पुस्तकं त्याला पॅशनफ्रूट म्हणतात, आपण बिनधास्त पिकलेला पेरू म्हणायचं, कारण पेरूतही तेच रेणू आहेत. शिराझमधला मिरीचा वास रोटुंडोन या रेणूचा, काळ्या मिरीत तोच असतो. गेव्हुर्झट्रामिनरमध्ये लिची आणि गुलाब. ओकच्या पिंपातून येतात लवंग (युजेनॉल), व्हॅनिला आणि अमेरिकन ओक असेल तर ओल्या खोबऱ्याचा वास. शार्डोनेतला लोण्याचा वास डायअॅसिटिलचा. मॅलोलॅक्टिक क्रियेत सफरचंदातलं कडक आम्ल जीवाणू दुधातल्या सौम्य आम्लात बदलतात, तेव्हा तो तयार होतो.

घरचा संच असा करा. स्वस्त, फारसा वास नसलेली व्हाईट ५०-५० मिली पाच पेल्यांत ओता. एकात भोपळी मिरचीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दुसऱ्यात एक लवंग, तिसऱ्यात दोन मिऱ्या ठेचून, चौथ्यात पेरूची फोड, पाचवा कोरा. वर बशी झाका. लवंग दहा मिनिटांत काढा, नाहीतर पेल्याचा दातांचा दवाखाना होतो. बाकीचे पंधरा-वीस मिनिटांनी. मग घरातल्या दुसऱ्या माणसाने पेल्यांच्या जागा बदलायच्या आणि तुम्ही डोळे मिटून ओळखायचं. वासांच्या ५४ कुप्यांचे फ्रेंच संच विकत मिळतात, पण त्या किमतीत तुमच्या कित्येक महिन्यांच्या बाटल्या येतील.

मोरपीस
पेल्यात 'पाय' उतरतात, म्हणजे कडेने ओघळ येतात, ती उत्तम वाईनची खूण ना?

रसायनी
नाही. अल्कोहोल आधी उडतं, पृष्ठताण बदलतो आणि ओघळ उतरतात. जाड ओघळ म्हणजे अल्कोहोल किंवा साखर जास्त. प्रतीचा संबंध नाही.

नास्तिक_नाना
भोपळी मिरची काय, लवंग काय! २००१ साली बोर्दोमधल्या संशोधकांनी वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. ते 'रेड'चे शब्द वापरून वर्णन करत बसले. प्रश्न क्र. २ चं उत्तर: बनाव.

सह्यकडा
नाना, प्रयोग खरा आहे, निष्कर्ष तुमचा आहे. त्यातून दिसतं ते इतकंच की डोळा नाकाला फसवतो. मग डोळ्याला बाजूला करा. स्टीलच्या पेल्यात ओता, रंग दिसत नाही.

आणि स्वतःला तपासायची सोपी रीत आहे, तिकोनी चाचणी. तीन पेले, दोघांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच. म्हणून सहा वेळा करा, दर वेळी मांडणी बदलून. सहापैकी पाच किंवा जास्त बरोबर आले तर तो योगायोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत आहे. चार आले तर शक्यता दहा टक्के, म्हणजे छाती फुगवायची नाही.

नास्तिक_नाना
सहा फेऱ्या गुणिले तीन पेले, अठरा पेले. सहाव्या फेरीला तिन्ही सारखेच लागणार.

सह्यकडा
पेल्यात १५ मिली पुरे आणि थुंकायचं. वाईन शिकणारे जगभर थुंकतात, आपल्याकडे तर पिकदाणीची परंपराच आहे. १८ गुणिले १५ म्हणजे २७० मिली, बाटलीत ७५० असते.

चकणा
आजोबांची तस्त माळ्यावरून काढतो. घराण्याचं नाव पुढे न्यायलाच हवं.

गोडीछाटणी
क्रमाबद्दल बोलण्याआधी द्राक्षाबद्दल थोडं, कारण महाराष्ट्रातली बाटली वाचायची तर हे लागतंच.

युरोपात वेल वर्षातून एकदा, हिवाळ्यात छाटतात आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती घडासाठी. तोडणी जानेवारी ते मार्च. पावसात घड लटकत ठेवला तर डावणी, भुरी, करपा हे तिन्ही रोग वाट बघत असतातच. शिवाय नाशिककडे जानेवारीत दिवस उबदार आणि रात्र १० अंशांच्या आसपास, त्या गारव्यामुळे घडातलं आम्ल टिकतं. मार्चच्या शेवटाला ऊन चढलं की साखर पळत सुटते आणि आम्ल गळतं. आम्ल गळालेली व्हाईट म्हणजे मीठ नसलेली आमटी.

याचा उपयोग दुकानात होतो. लेबलवर २०२४ असेल तर नाशिकची वाईन त्या वर्षाच्या सुरुवातीची आणि फ्रान्सची शेवटाची. एकाच सालाच्या दोघींत अर्ध्या वर्षाचा फरक. सॉव्हिन्यों ब्लाँसारखी ताजेपणावर चालणारी वाईन घेताना साल बघा, दोन वर्षांच्या आतली उचला. सवलतीत लावलेली चार वर्षांपूर्वीची व्हाईट बहुतेक वेळा मेलेली असते.

खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष वेगळं. थॉमसन, सोनाका यांचे मणी मोठे, साल पातळ, बी नाही. वाईनला उलट हवं: बारीक मणी, जाड साल, बिया. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, रस काळ्या द्राक्षाचाही बहुतेक पांढराच निघतो. साल काही तास रसात राहिली तर रोझे म्हणजे गुलाबी वाईन, आठवडा-दोन आठवडे राहिली तर रेड. तोडणी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला होते (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). ब्रिक्सला ०.५५ ने गुणा, अल्कोहोलचा अंदाज मिळतो: २३ ब्रिक्स म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वर थोडं.

बुचकळा
हे लेबलवर असतं का? ब्रिक्स वगैरे?

गोडीछाटणी
क्वचित. पण तोडणीच्या दिवसांत वायनरीत गेलात तर विचारता येतं. दिंडोरी, गंगापूर धरणाचा परिसर, इगतपुरी, सगळं पुण्याहून एका दिवसात होण्यासारखं आहे, मुक्काम केला तर बरं. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत चाखवणारा माणूस पाठ केलेलं बोलतो. मंगळवारी सकाळी गेलात तर चार प्रश्न विचारा: तोडणी कोणत्या आठवड्यात, किती ब्रिक्सला, पिंप की ओकच्या चिपा, मॅलोलॅक्टिक केलं की अडवलं. टाकीतला नमुना मागून बघा. ढगाळ, खमिराचा वास येणारी अर्धवट वाईन चाखली की तयार वाईन जास्त कळते.

जुनी_वही
इतिहासाची एक ओळ: या सगळ्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावला इंडेज कंपनीने फसफसती वाईन बनवून परदेशी पाठवली होती. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं, नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या २००० च्या, 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन २०१० चं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली वायनरीने इटलीची सँजोव्हेझे ही द्राक्षाची जात लावली. ती नाशिकच्या रेडशेजारी ठेवून प्यायला चांगली जोडी होते.

मोरपीस
द्राक्षासव पण वाईनच ना? आजी घ्यायची.

रसायनी
तत्त्वतः भावंडं. मनुका किंवा द्राक्षाचा काढा, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं. त्या फुलांवरच्या खमिरामुळे ते आंबतं आणि अल्कोहोल आत तयार होतं. पण त्यात मसाल्याची औषधं असतात आणि मात्रा चमच्यांत असते. पेला घेऊन फिरवत बसू नका.

चकणा
'नाकावर दालचिनी, शेवट लांब, पथ्य: तेलकट वर्ज्य.'

किनारपट्टी
गोव्याच्या 'पोर्ट'वरही कोणीतरी बोला. पर्यटक दोन-चार बाटल्या घेऊन जातात आणि पोर्ट प्यायल्याचं सांगतात. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दुरो खोऱ्यातली. आंबणं अर्ध्यावर असताना त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, खमीर मरतं, उरलेली साखर तशीच राहते. शेवटी १९ ते २२ टक्के. हातातल्या बाटलीवर टक्केवारी वाचा, १९ च्या बरीच खाली असेल तर ती गोड रेड वाईन आहे. काहींना आवडते, हरकत नाही, पण पोर्टचा धडा त्यातून मिळत नाही.

रसायनी
तापमानाचं कोणी बोललंच नाही आणि पुण्यात निम्म्या वाईनी तिथेच मरतात. 'रेड वाईन रूम टेम्परेचरला' हे वाक्य युरोपातल्या दगडी घरांचं आहे, १६-१८ अंशांचं. ३२ अंशांची रेड म्हणजे अल्कोहोलचा भपका आणि खाली जाम. ती फ्रीजमध्ये पाऊण तास ठेवा, लाजू नका. हलकी रेड १२-१४, व्हाईट आणि रोझे ८-१२, फसफसती ६-८.

फ्रीज ४-५ अंशांवर असतो, म्हणून व्हाईट पिण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. फार थंड असली की वास मिटतो. रेड फार थंड झाली की तुरटपणा टोचतो. घाई असेल तर बादलीत बर्फ अधिक पाणी अधिक मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला हवेच्या फटी राहतात, पाणी हवंच. वीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाईन गोठून फुगते आणि बूच वर येतं.

एक प्रयोग: एकच व्हाईट, एक पेला थेट फ्रीजमधला, एक अर्धा तास बाहेर ठेवलेला. लोक शपथेवर सांगतात की दोन वेगळ्या बाटल्या आहेत.

बुचकळा
आणि साठवण?

रसायनी
एक-दोन महिन्यांसाठी फ्रीजचा खालचा कप्पा चालेल. कपाटात ३५ अंशांवर ठेवण्यापेक्षा फ्रीज कधीही बरा. दोन-तीन वर्षं ठेवायची हौस असेल तर १२-१५ अंश, अंधार आणि ६०-७० टक्के आर्द्रता लागते. ते नसेल तर साठवू नका, प्या. खऱ्या बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची कशीही.

उरलेल्या बाटलीसाठी पंप वगैरे घेण्याआधी हे करा. ३७५ मिलीची रिकामी, झाकण घट्ट बसणारी बाटली धुवून ठेवा. नवी बाटली उघडल्या उघडल्या निम्मी वाईन तिच्यात काठोकाठ भरा आणि झाकण लावून फ्रीजमध्ये. आत हवाच नाही, आठवडाभर निवांत. नुसतं बूच परत लावलं तर फ्रीजमध्ये व्हाईट तीन ते पाच दिवस, रेड तीन-चार. रेडसुद्धा फ्रीजमध्येच.

सह्यकडा
काठोकाठ म्हणजे खरंच काठोकाठ. अर्धी भरून ठेवली तर उपयोग शून्य.

अंगणवेल
एक बाटली उघडली तर उकडलेल्या अंड्यासारखा वास. परत करावी का?

रसायनी
थांबा. दोष ओळखायचे तर असे:

सडक्या अंड्याचा, पेटलेल्या काडीचा वास: गंधकाची संयुगं, वाईनला हवा कमी मिळालेली. भांड्यात जोरात ओता, पंधरा मिनिटं थांबा, बऱ्याचदा जातो.
ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास आणि फळ गायब: बुचाचा दोष, टीसीए. लिटरला काही नॅनोग्रॅम पुरतात. हवा दिली तर वाढल्यासारखाच वाटतो. ही बाटली परत करा.
नेलपॉलिश रिमूव्हर: इथाइल अॅसिटेट. सोबत व्हिनेगरही डोकावतं.
चिरून काळं पडलेलं सफरचंद, रंग तपकिरीकडे: हवा लागली.
शिजलेलं फळ, बूच किंचित वर आलेलं, गळ्याशी चिकट ओघळ: उन्हात तापली. दुकानात खिडकीतली बाटली का घेऊ नये ते यावरून कळेल.
घोड्याचा तबेला, बँडेज: ब्रेट नावाचं खमीर. थोडं असेल तर काही लोक मिटक्या मारतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

अंगणवेल
तांब्याचं नाणं टाकलं की अंड्याचा वास जातो असं वाचलं. तांब्याच्या तांब्यात ओतली तर?

तांबडापांढरा
नको! चिंचेची आमटी कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ठेवली की कळकते. वाईन त्याच जातीची आंबट. कळकेलच.

रसायनी
दोघंही बरोबर. तांबं गंधकाला धरतं आणि न विरघळणारं कॉपर सल्फाइड होतं, म्हणून वास जातो. पण आम्लात जास्तीचं तांबंही उतरतं. म्हणून तांब्याचा चकचकीत घासलेला छोटा तुकडा पेल्यात काही सेकंद फिरवा आणि काढा. वास गेला तर निदान पक्कं, वाईन बरी असेल तर बाकीची नुसती हवा देऊन प्या. तांब्यात भरून ठेवायची नाही. आणि हल्लीची नाणी तांब्याची नसतात.

तांबडापांढरा
आता चकण्याच्या चौथ्या प्रश्नाकडे. पुस्तकात मटणासोबत रेड लिहिलेलं असतं, पण ते मटण बिनतिखटाचं. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, तुरटपणा त्यात भर घालतो. तांबड्या रश्श्यासोबत १४ टक्क्यांची कॅबर्ने म्हणजे घशात होळी. तिखटाला थंड, किंचित गोड, कमी अल्कोहोलची वाईन. इथल्या बऱ्याच शेनिन ब्लाँ अशाच किंचित गोडसर असतात, मिसळीला किंवा ठेचा-भाकरीला त्या चालतात. पांढऱ्या रश्श्याला खसखस-नारळाचा जाडपणा असतो, त्याला ओकमधली शार्डोने.

बटाटेवड्याला ब्रुट म्हणजे जेमतेम गोडीची फसफसती, कारण आंबटपणा आणि बुडबुडे तेल धुऊन काढतात. लसणाची चटणी मात्र बाजूला ठेवा. सुरमई किंवा पापलेट तळून, वर लिंबू, त्याला सॉव्हिन्यों ब्लाँ. बांगड्याबरोबर रेड घेऊ नका, वाईनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं आणि तोंडात गंजका, हिवस वास उरतो. गोडाला वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती लिंबूपाणी लागते. पुरणपोळीसमोर लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड) शेनिनच टिकते, ड्राय म्हणजे गोडी नसलेल्या वाईनचा तिथे बळी जातो.

चकणा
निषेध मागे.

मोरपीस
'एक्स्ट्रा ड्राय' फसफसती आणली, तरी गोडच लागली. दोष म्हणायचा का?

थेम्सकाठ
दोष नाही, नावच फसवं आहे. ब्रुटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ब्रुटपेक्षा गोड. उघडतानाही जपा, आत ५-६ बारचा दाब असतो. तारेची कडी सहा अर्धे फेरे सोडवायची, अंगठा बुचावरून हलू द्यायचा नाही. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही. आवाज सुस्काऱ्याएवढा आला पाहिजे.

अभ्यासक्रम हवा असेल तर लंडनच्या डब्ल्यूएसईटी या वाईन शिकवणाऱ्या संस्थेचे वर्ग मुंबईतही होतात. पहिली पातळी ३० पर्यायी प्रश्नांची, दुसरी ५० प्रश्न एका तासात. दुसरीपर्यंत चाखण्याची परीक्षा नसते, तिसरीत असते. भारताच्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन सोनल हॉलंड, २०१६ साली. पण छंदाला प्रमाणपत्र लागत नाही. चाखून टिपण करायची त्यांची चौकट तेवढी उचला: रंग, वास, मग गोडी, आम्ल, टॅनिन, अल्कोहोल, अंग, शेवट. प्रत्येकापुढे कमी-मध्यम-जास्त. 'छान' हा शब्द वहीत बंद.

मोरपीस
'अंग' म्हणजे?

थेम्सकाठ
तोंडात किती दाट वाटते ते. गाईचं साय काढलेलं दूध आणि म्हशीचं निरसं दूध, एवढाच फरक.

अंगणवेल
रेडने डोकं दुखतं ते सल्फाइटमुळेच ना?

रसायनी
बहुधा नाही. ड्राय व्हाईटमध्ये सल्फाइट रेडपेक्षा सहसा जास्तच असतं. युरोपातली मर्यादा ड्राय रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅम, ड्राय व्हाईटला २००. केशरी सुक्या जर्दाळूत त्याच्या कित्येक पट असतं, ते खाऊन डोकं दुखत नसेल तर संशय दुसरीकडे न्या. दमा असेल तर मात्र सल्फाइट जपूनच. पहिला संशयित अल्कोहोल: साडेबारा टक्क्यांच्या १५० मिली पेल्यात जवळपास १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पेल्याइतकंच पाणी प्या.

नास्तिक_नाना
एवढं सगळं झालं, पण धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. कोणत्या बाटल्या, कोणता क्रम?

सह्यकडा
नानांनी धागा रुळावर आणला, नोंद घ्यावी.

पहिला महिना, व्हाईट. सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, दोन्ही नाशिकच्या, एकाच उत्पादकाच्या, एकाच सालाच्या. माती, माणूस, पद्धत साधारण सारखी, म्हणजे राहिला द्राक्षाचा फरक. तिसरी बाटली ओकमधली शार्डोने. भोपळी मिरची, पेरू, लोणी, व्हॅनिला इथेच भेटतील.

दुसरा महिना, रेड. शिराझ आणि कॅबर्ने. मिरी विरुद्ध भोपळी मिरची, आणि तुरटपणा कोणाचा जास्त. तिसरी सँजोव्हेझे किंवा टेम्प्रानियो.

तिसरा महिना, एकच द्राक्ष, तीन गावं. शिराझ घ्या: नाशिकची एक, कर्नाटकातली एक आणि ऑस्ट्रेलियाची एक. महाग नकोत, साल शक्यतो जवळपासचं.

दर वेळी दोन बाटल्या उघडा, निम्म्या ३७५ मध्ये भरून ठेवा आणि चार दिवसांनी तीच जोडी डोळे मिटून परत. पहिल्या दिवशीचं टिपण तोवर बघायचं नाही.

गोडीछाटणी
सहमत. फक्त शिराझसाठी आयात बाटली घेण्याआधी किंमत बघा, आयात कराने बजेट मोडेल. परवडत नसेल तर नाशिक आणि अकलूज एवढंही पुरतं.

बुचकळा
मिळालं. शनिवारी लिंबूपाणी आणि चहा, पुढच्या शनिवारी सॉव्हिन्यों-शेनिन. पेले मात्र सहाच आहेत, तेही साधे दुकानातले, बुडाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते. चालतील?

थेम्सकाठ
तोंडाशी निमुळते असतील तर उत्तम. चाखायला ५० मिलीच ओता, वरची जागा वासासाठी. आणि वाईन ओतण्याआधी पेला रिकामा हुंगा. साबणाचा, कपाटाच्या लाकडाचा किंवा पुसायच्या ओल्या फडक्याचा वास आला तर कोमट पाण्याने विसळून, पालथा न घालता तसाच वाळू द्या. अर्ध्या 'सदोष' बाटल्यांचं निदान तिथेच होतं.

चकणा
हुंगला. कालचं ताक.